आबितो स्कूरो

४ मार्च, मंगळवार
"आबितो आ लोंद्रा." मी लंडनमध्ये राहते! चौसष्टाव्या वर्षी इटालियन! मोबाईलमधलं ॲप शाबासकी देतं तेव्हा लहान मुलीसारखा आनंद होतो. माझ्या अनयचं सेरेनाशी लग्न ठरलं, तर तिच्या आईशी, असूंताशी, चार वाक्यं तिच्या भाषेत बोलायची असा माझा हट्ट. बाई चाळीस वर्षं बेडफर्डमध्ये आहे, तिचं इंग्लिश माझ्याइतकंच चांगलं. हट्ट तो हट्ट.

६ मार्च, गुरुवार
दोन्ही घरांच्या ग्रुपवर साखरपुड्याच्या जेवणाचा मेसेज. असूंतानं सगळा इटालियनमध्ये लिहिलाय. शनिवार पंधरा, सात वाजता, रेस्टॉरंटचं नाव — एवढं जमलं. शेवटी दोनच शब्द: आबितो स्कूरो.

आबितो म्हणजे मी राहते — पक्कं! स्कूरो डिक्शनरीत बघितलं. गडद, काळोख.

मी काळोखात राहते.

अगं बाई! जेवणाच्या निमंत्रणाखाली असं कोणी लिहितं का? तिचा नवरा जाऊन वर्षही झालेलं नाही. आणि ग्रुपवर बाकीचे खुशाल अंगठे दाखवतायत!

७ मार्च
डोक्यातून जाईना. तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल दिली, घाबरलेल्यांचे हात धरले, आणि इथे गप्प बसू? तिला एकटीला लिहिलं, इंग्लिशमध्येच. असूंता, वाचलं. माझा मोहन गेला तेव्हा मीही तशीच होते. सहा महिने दुकानातून दोघांपुरतं दूध आणत होते. कधीही फोन कर. जेवणाच्या दिवशी बळंच हसू नकोस.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

८ मार्च, शनिवार
अनय रीडिंगहून आला. मोठ्या कौतुकानं त्याला सांगितलं. त्याचा चेहरा!

"आई! तो ड्रेस कोड होता! डार्क सूट! आबितो म्हणजे सूट!"

"राहते म्हणजे पण आबितोच ना?"

"ते पण. बट नॉट ऑन ॲन इन्व्हिटेशन!"

सोफ्यावर आडवा होऊन हसला कार्टा. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कपड्यांबद्दल सांगणाऱ्या बाईला मी सांत्वनाचं पत्र लिहिलं!

९ मार्च
सकाळपासून शब्दाच्या मागे लागलेय. आबितो — सूट, झगा, ननचा पायघोळ पोशाखसुद्धा. मूळ लॅटिन: असणं, बाळगणं. माणूस स्वतःला कसा बाळगतो ती रीत, तीच सवय, आणि मग अंगावरचं वस्त्रही तेच. राहणंही त्याच खानदानातलं. इंग्लिशमध्येही सवयीला आणि ननच्या झग्याला एकच शब्द, हॅबिट — इतकी वर्षं इथे काढून कधी लक्षातच आलं नाही!

आणि मग शाळेतल्या संस्कृतच्या बापटबाई आठवल्या. वसति, म्हणजे राहतो. वस्ते, म्हणजे नेसतो. निवास आणि वस्त्र! धातू दोन, दिसायला जुळे. पंडित म्हणतात नातं नाही. नसेना. माझी चूक निदान चांगल्या घराण्यातली निघाली.



१० मार्च
नणंदेचा फोन. शिल्पा म्हणाली, "वहिनी, साखरपुड्याला काळं? शोभतं का!" तिला पुढची गोष्ट सांगितली नाही. तेवढ्यावरच अर्धा तास पुरला.

११ मार्च, मंगळवार
असूंताचा फोन! मी माफीची तयारी करून बसले होते. ती म्हणाली, "उल्का, हू टोल्ड यू?"

कोणी नाही म्हटलं. पुढे बोलूच देईना. रोक्को गेल्यापासून मागच्या खोलीचे पडदे तिनं उघडलेले नाहीत. उघडले की त्याचं ग्रीनहाऊस दिसतं, टोमॅटोच्या वाळक्या वेली तशाच काठ्यांना बांधलेल्या. "मी रोज स्वयंपाक करते, म्हणून मुलांना वाटतं आय ॲम फाइन." तास झाला. मग मला राहवेना. कबूल केलं, मला शब्दच कळला नव्हता.

 ती अशी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला! "आय राइट सूट, यू रीड माय लाइफ!"

मीही हसले. मग दोघींनी नाकं पुसली.

१५ मार्च, शनिवार
गडद जांभळी साडी नेसले. शिल्पा खूश, इटलीही खूश. असूंता दारातच गळ्यात पडली. "आबितो बेल्लो!" बेल्लो म्हणजे सुंदर, एवढं येत होतं. तरी मी जपूनच विचारलं, "कपडे की घर?" सगळं टेबल वळून बघायला लागलं, इतक्या जोरात हसलो!

अनय आणि सेरेना मात्र एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. दमली असतील पोरं.

असूंता दहा एप्रिलला माझ्याकडे येणार, चार दिवस. लग्नाची खरेदी हे निमित्त.

२४ मार्च
तिनं फोटो पाठवला. ग्रीनहाऊस रिकामं, काठ्या कोपऱ्यात उभ्या. खाली काहीच लिहिलेलं नाही. मीही काही लिहिलं नाही. दिवसभर तीनदा उघडून पाहिला.

२ एप्रिल, बुधवार
दुपारी अनयचा फोन. लग्न मोडलं. दोघांनी मिळून ठरवलं म्हणतो. आवाज बसला होता पोराचा. थोड्या वेळानं असूंताचा आला. दोघी आधी नुसत्याच रडलो. मग ती म्हणाली, "दहाचं तिकीट काढलंय मी. पण आता आपण एकमेकींच्या कोण?"

विहीण हा शब्द मी तिला शिकवणार होते. तो राहिला.

म्हटलं, "तू ये. चहा घेताना ठरवू."