वरचा दरा चतुराबाईच्या नावे

मी, तातेराव सोनाजी कावरखे, राहणार मौजे मोहदरी, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी, धंदा शेती, वय पासष्टीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. दम्यामुळे अंगणापर्यंत गेलो तरी बसावे लागते. पण डोके ठिकाणावर आहे, माणसे ओळखतो आणि काय लिहितो ते मला समजते. कोणी मला भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. आजवर आमचे दस्त उर्दूत होत आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. यंदा राज्य बदलले. म्हणून हे मी आपल्या भाषेत लिहितो, म्हणजे ज्यांच्यासाठी आहे त्यांना सरळ कळेल.

माझ्या पश्चात माझी माणसे अशी: पत्नी चतुराबाई, एकच मुलगी तारा, हट्ट्याला दिलेली, धाकटा भाऊ रामकिशन, वाटणी होऊन वेगळा राहतो, आणि त्याचा मुलगा गोपाळ. मला मुलगा नाही. त्यामुळे माझ्यामागे सगळे गोपाळकडे जाईल असे गाव धरून चालले आहे. तसे नाही, म्हणून हा कागद.

कलम पहिले. राहते घर, गोठा व घरातील भांडीकुंडी चतुराबाईची. तिच्या माहेरची तांब्याची घागर तिचीच आहे, ती मी काय देणार.

कलम दुसरे. गावालगतचे काळे रान ताराला. जावयाने ते हट्ट्याहून कसावे की इथे कोणाला बटईने लावावे, हे तारा ठरवील.

कलम तिसरे. बैलजोडी, तिफण, वखर, मोट आणि तिचा चामड्याचा नाडा गोपाळला. पोरगा शेतीत चांगला आहे. त्याच्या तिफणीची ओळ सुतासारखी सरळ असते. हे त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम चौथे. गावामागच्या डोंगरातील वरचा दरा, झऱ्यासह. यासाठीच मुख्यतः हे लिहितो आहे, आणि जरा मागून सांगावे लागेल.

पूर्वी हा सगळा डोंगर आमच्या वडिलांच्या नावे एकच होता. धावडा, पळस, मोह, टेंभुर्णी, बिबा अशी दाट झाडी होती आणि तीत एक वाघीण राहत असे. ती वर्षाकाठी एखादे वासरू न्यायची. १९३४ साली तालुक्याचे एक पाहुणे बंदूक घेऊन आले. रामकिशनने रान उठवायला हाका घातला आणि वाघीण मारली गेली. गावाने पाहुण्यांना हार घातले, मीही घातला. वासरे वाचली हे खरेच. पण दुसऱ्या-तिसऱ्या हंगामापासून रानडुकरांचे कळपच्या कळप उतरू लागले. ज्वारी कणसात आली की सकाळी शेत लोळवलेले सापडायचे. तेव्हा डुकरांचा आसरा मोडावा म्हणून गावाने डोंगराच्या पायथ्याची झुडपे जाळली. डुकरे वर सरकली आणि पिकाला उतरतच राहिली. उघड्या पायथ्यावर मात्र बकऱ्या चरू लागल्या आणि पुन्हा तिथे काही उगवले नाही.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना, मोटारी लाकडी कोळशावर चालू लागल्या. एक कंत्राटदार गावात आला आणि डोंगर मागू लागला. रामकिशन म्हणाला, "दादा, झाडं काय, पुन्हा फुटतील. मानूस दारात आला हाय, देऊन टाकू." मी नाही म्हणालो. मला फार समजत होते असे नाही. झरा त्या झाडीतून निघतो आणि झाडी गेली तर तो राहील की नाही, एवढीच शंका होती. शब्दाने शब्द वाढला आणि वाटणी झाली. खालचा दरा रामकिशनला, वरचा मला.

त्याच्या दऱ्यात कोळशाच्या भट्ट्या लागल्या. दोन उन्हाळे गावावर धूर होता. पुढच्या पावसात उघड्या उतारावरचा मुरूम वाहून आला आणि रामकिशनच्याच चांगल्या जमिनीवर पसरला. त्याचा ओढा आता दिवाळी झाली की आटतो. यात मला आनंद नाही. त्या जमिनीत आम्ही दोघे मिळून राबलेलो आहोत.

माझा दराही काही धड नव्हता. बकऱ्यांनी आणि वणव्यांनी तो विरळ केला होता. मी त्यात सागाची रोपे ओळीने लावली. एकही जगले नाही. तांड्यावरचे हिरासिंग माझे जुने स्नेही. त्यांना मी दऱ्यात गुरे-बकऱ्या काहीच सोडू नका म्हणालो, त्यांनी ऐकले. पण गवत कमरेइतके वाढले, वाळले आणि एका ठिणगीने सगळा उतार पेटला. हिरासिंग राख बघून म्हणाले, "तातेराव, गाय गवत खाती, बकरी झाड खाती. गाय येऊ दे, बकरी मी बाहेर ठेवतो." तेव्हापासून पाऊस सरला की त्यांच्या गाई गवत चरून आखूड ठेवतात, आणि आग लागली तरी ती खुजी राहते.

दुसरी आग आमच्या बायकांची होती. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून चैत्रात झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देत. चतुराबाईने तो जाळणे बंद केले आणि खराट्याने झाडून घेऊ लागली. पहिल्या साली बायका तिला हसल्या. पुढे शेजारच्या शकुबाईने खराटा आणला, मग सगळ्यांनीच.

त्यानंतर दरा आपोआप भरू लागला. बाहवा, बोर, टेंभुर्णी, जांभूळ ठिकठिकाणी झुबक्याने उगवू लागले. हे लावते कोण, असा मला प्रश्न पडला. चतुराबाईने एके दिवशी अस्वलाची विष्ठा काठीने उकरून दाखवली. आत बोरांच्या आठोळ्या आणि बाहव्याच्या बिया भरल्या होत्या. माझा साग गेला आणि अस्वलाने पेरलेले जगले. वरच्या फांद्यांवर हरियल पारवे बसू लागले, त्यांनी उंबर आणला. झरा, जो माघात थांबायचा, तो वैशाखापर्यंत वाहू लागला.

आता जे लिहायला जड जाते ते. १९४६ च्या चैत्रात चतुराबाई तांबडे फुटायच्या आत एकटीच मोह वेचायला गेली. त्याच झाडाखाली अस्वलीण पिलू घेऊन आली होती. तिने चतुराबाईचा चेहरा फाडला. ओरडा ऐकून हिरासिंग धावले आणि त्यांनी चतुराबाईला पाठीवर घालून आणले. उजवा डोळा गेला.

तिसऱ्या दिवशी रामकिशन माझ्या दारात आला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. हातात बंदूक होती, मागे हाकेकरी होते.

"वहिनी, फक्त सांगा, कुठं व्हती ती."

चतुराबाईच्या तोंडावर पट्ट्या होत्या. ती उठून बसली. "काहून?"

"मारून टाकतो."

"तिच्यासंगं लेकरू व्हतं. मी अंधारात गपचूप गेले ते तिच्या अंगावरच गेले. तिनं काय करायला पायजे व्हतं?"

"उद्या दुसऱ्या बाईवर जाईल!"

"म्हनून बाया आता ऊन पडल्यावर जातील, बोलत जातील. खालचे मोह आमचे, वरचे तिचे. तुमी बंदूक घरी ठिवा, भाऊजी."

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला ती अस्वलीण मेलेली हवी होती, आणि रामकिशन गेला असता तर मी अडवले नसते. पण डोळा तिचा होता. रामकिशन म्हणाला, "तुमच्यासाठीच आलतो, वहिनी," आणि निघून गेला. तो पुन्हा आला नाही आणि मीही बोलवायला गेलो नाही. बायका मात्र तिने सांगितले तशाच जाऊ लागल्या. आजवर दुसऱ्या कोणाला ओरखडा आलेला नाही.

तर वरचा दरा, झाडी, गवत व झऱ्यासह, मी चतुराबाईस पूर्ण मालकीने देतो. हयातीपुरता नव्हे, पोटगीसाठी नव्हे. ती तो ठेवील, विकील किंवा वाटेल त्याला देईल. भावकीतील कोणी विधवेचा हक्क अपुरा असतो म्हणून आडवे येऊ नये.

याखाली मी अटी लिहिल्या होत्या: झाड तोडू नये, भट्टी लावू नये, बकरी सोडू नये. काल तिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "मालकी देऊन राहिले का राखणीला ठेवून राहिले?" मी अटी खोडल्या.

कलम पाचवे. हे चतुराबाईच्या सांगण्यावरून घातले. रामकिशनच्या गुरांना झऱ्यावर कायम पाणी पिऊ द्यावे. मी म्हणालो, त्याने आपला दरा आपल्या हाताने उजाड केला. ती म्हणाली, "गुरांनी वाटनी केलती का?" सबब हे कलम लिहिले आणि त्याला माझी संमती आहे.

कलम सहावे. वरील सर्व अमलात आणण्याचे काम सेनगावच्या शाळेचे शिक्षक संतराम किसनराव देशपांडे यांच्यावर सोपवतो. माझ्यामागे तेरवीचे जेवण साधे असावे. लाकूड दऱ्यातलेच वापरावे, पण वठलेले.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे पूर्ण वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करतो.

मुक्काम मोहदरी, मार्गशीर्ष वद्य पक्ष, शके १८७०, तारीख १९ डिसेंबर १९४८.

(सही) तातेराव सोनाजी कावरखे

साक्षीदार: आमच्या समक्ष तातेरावांनी सही केली, त्यांच्या समक्ष आम्ही करतो.
१. (सही) संतराम किसनराव देशपांडे, सेनगाव
२. (अंगठा) गुलाबसिंग रामसिंग, मोहदरी तांडा

भाऊ रामकिशन यास बोलावून कागद वाचून दाखवला. त्यास लिहिता येत नाही. तो बोलला तसे संतराम मास्तरांनी उतरवून घेतले:

"मी रामकिशन सोनाजी. सगळं ऐकलं. दरा वहिनीचा, माझी हरकत न्हाई, गोपाळचीबी न्हाई. पान्याचं कलम दादा गेल्यावर लागू व्हईल, असं मास्तर म्हनून राहिले. तवर माझ्या गुरांनी काय करावं? मी वहिनीला इचारलं. ती म्हनली, गुरं सोडा, चला, वाट दाखवते. म्हनून अंगठा करून मी निघून राहिलो. दादा, तुमीबी हळूहळू या."

(अंगठा) रामकिशन सोनाजी कावरखे