ज्याच्या परसात, त्याचं नाव

दांडी,
सोमवार

प्रिय उन्नती,

दर रविवारी तू फोनवर विचारतेस, पार्सल आलं का, आणि मी सांगते, नाय गं, पोस्टमन इकडे फिरकलाच नाही. खोटं सांगते. तुझी लोगनबेरीच्या जॅमची बरणी आणि सोबतचं पत्र येऊन आज चौतीस दिवस झाले. बरणी तुझ्या बाबांनी निम्मी संपवली. आंबट आहे म्हणतात आणि भाकरीला लावून खातात. पत्र मात्र मी तांदळाच्या डब्यात खाली दडवून ठेवलं. बाबांनी ते वाचलंय. रोज सकाळी जाळं शिवायला बसायच्या आधी एकच विचारतात, लिहिलंस का? मी चुलीपुढून हलत नाही.

तू लिहिलंस की तिकडे परदेशातल्या त्या शेतावर सगळे लोगनबेरी हे नाव सहज घेतात, फळालाही तेच आणि झुडपालाही तेच. रासबेरी आणि ब्लॅकबेरी यांचा संकर. अमेरिकेत लोगन नावाच्या एका न्यायाधीशाच्या परसात ती दोन्ही जवळजवळ लावलेली होती, त्याच्या ध्यानीमनी नसताना हे तिसरंच उगवलं आणि नाव लागलं त्याचं. आता तर इंग्रजीत ते माणसाच्या नावासारखं मोठ्या अक्षरानंही लिहीत नाहीत, इतकं ते फळाचंच होऊन गेलं. इथवर वाचून मला बरं वाटलं, पोरगी काय काय शिकते. आणि खाली तू लिहिलंस, आई, त्या नावात मूळ झाडांचा पत्ताच नाही, माझी मूळ झाडं कोणती? फळाच्या नावाचा अर्थ सांगता सांगता आईला असं कोंडीत पकडतात होय? पासपोर्टच्या वेळी तुझा जन्मदाखला सापडला नाही, तेव्हापासून तुझ्या मनात हे आहे, मला कळत होतं.

तर ऐक. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझी कूस रिकामी होती. तेव्हा मी सुके बोंबील आणि सुकट पाटीत भरून मासवणच्या पलीकडच्या पाड्यांवर जायची. सुकी मासळी द्यायची, भात घ्यायचा, आपल्या बायका अशाच जायच्या. तिथे लाडकी नावाची एक वारली बाई होती. माझ्याच वयाची, हसरी, मापात कधी भांडली नाही. दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्टीवर जायची. तिचं पहिलं मूल भट्टीच्या धुरात खोकून खोकून गेलं होतं, नवरा त्या साली तापानं गेला. दुसरी तू, आठ महिन्यांची, तुलाही तोच खोकला. लाडकीनं तुला माझ्या पाटीत ठेवलं आणि म्हणाली, पाऊस लागेपर्यंत सांभाळ. तेवढंच ठरलं होतं, बाळा. पाऊस लागेपर्यंत.

पावसाच्या तोंडाला ती आली. पायी आली, पाय सुजलेले. तू तिला ओळखलं नाहीस, माझ्या पदरात तोंड खुपसून किंचाळलीस. मला तेव्हा काय आनंद झाला! लाज वाटते आता लिहायला. मी म्हटलं, अजून छाती भरते पोरीची, आणखी महिनाभर राहू दे. लाडकी दारातच उभी होती. तिनं तुझ्या पाठीला कान लावला, बराच वेळ लावला. मग म्हणाली, "खोकला गेला ना? मंग ऱ्हाऊ दे."

त्या महिन्याचं वर्ष झालं. बाबा म्हणाले, जमना, पोर परत देऊन ये. मी त्या पाड्यावर जायचंच सोडून दिलं. भात विकत आणला. शाळेत तुझं नाव घातलं, बापाचं एकनाथ, आईचं जमना. लाडकी भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती कधीच आली नाही. तिला वाटलं असेल, पोर जगली, पुरे. आणि मी त्याचाच फायदा घेतला.

तू फोनवर हसून बोलायचीस आणि मी पार्सल आलं नाही म्हणायची. भीती वाटायची गं. तू तिकडून उठून सरळ तिच्या दारात जाशील आणि मग माझं काय, एवढंच दिसत होतं मला.

परवा तिचा भाऊ बुधा विचारत विचारत दांडीला आला. आत बसला नाही, पाणी तेवढं प्यायला. लाडकी मागच्या रविवारी गेली. आज आठ दिवस झाले. बाराव्याला पोर येईल का, एवढंच विचारलं त्यानं. म्हणून आज लिहायला बसले. शेजारची कीर्ती या कागदांचे फोटो काढून तुला आजच पाठवील. तुझं पत्र आलं तेव्हा ती जिवंत होती, उन्नती. पुढे सव्वीस दिवस जिवंत होती.

तुझीच म्हणू की नको, ते तू ठरव.

जमना