खाणीकडच्या बाजूची दोन हात जागा

प्रिय व्हर्नन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. चार दारं सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवतेय, हे पोस्टातल्या मुलीला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. तुझ्या दारातून हे आत सरकवायला मी दोनदा आले होते. दोन्ही वेळा तुझ्या खिडकीचा पडदा हलला आणि मी आपली पुढे निघून गेले, जणू दुकानातच चालले होते. या वयात असली सोंगं करायची म्हणजे गुडघ्यांना शिक्षा.

हेडली गेला, हे तुला कळलंच असेल. हॅगथॉर्पमध्ये कोणाकडे नवी किटली आली तरी संध्याकाळपर्यंत गावभर होतं. छातीतल्या कोळशाच्या धुळीने शेवटी त्याला नेलं. गुरुवारी चॅपलमागच्या दफनभूमीत त्याला ठेवायचं आहे. माझा नवरा होता तो, पण त्याआधी तुझा जिवलग मित्र होता. तुम्ही दोघं रविवारी मॅच बघून घरी यायचात, चिखलाच्या बुटांनी आईची फरशी खराब करायचात आणि मी ती पुसायचे. त्यातूनच आमचं जमलं. माझ्या संसाराचं खापर फोडायचं तर ते आपल्या रग्बी टीमच्याच डोक्यावर फोडायला हवं.

मी त्याची वकिली करायला बसलेली नाही. पंच्याऐंशीच्या जानेवारीत, खाणकामगारांच्या संपाला दहा महिने होऊन गेल्यावर, तो खिडक्यांना जाळी लावलेल्या त्या बसमध्ये बसला आणि खाणीत कामावर गेला. का गेला ते त्याने मलाही धड सांगितलं नाही. घरात शेकोटीला कोळसा नव्हता, खरंय. पण तुमच्याही घरात नव्हता. तुझ्या कपाळावर पोलिसाच्या दंडुक्याची खूण आहे, ती तू त्या बससमोर उभं राहून मिळवलीस, आणि बसच्या आत तुझा मेहुणा होता. आमच्या दारावर रंगवलेलं 'गद्दार' मी कितीदा खरवडून काढलं, पण लिहिणाऱ्याला खोटं म्हणायची सोय नव्हती. हेडली स्वतःच म्हणायचा, 'व्हर्ननचं बरोबर आहे.' चाळीस वर्षांत तुझ्याबद्दल त्याने वाकडा शब्द काढला नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा. दोन शिव्या हासडल्या असत्या तर घरात जरा मोकळी हवा आली असती.

पण टीम त्याने सोडली नाही. त्याच रविवारी आपल्या मैदानावर सामना होता. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, 'जिथे कुत्रं विचारणार नाही तिथे कशाला तोंड दाखवायला जातोस?' तर टीमचा किरमिजी मफलर गुंडाळत म्हणतो, 'टीमचं आणि माझं कुठे भांडण झालंय?' आणि गेला. खाणीकडच्या बाजूला, लहानपणी बाबांनी तुम्हा दोघांना खोक्यांवर चढवून जिथे उभं केलं होतं, त्याच लोखंडी कठड्याशी जाऊन उभा राहिला. लोक थुंकले. तू आलास, त्याला बघितलंस आणि कठड्याला धरून दोन हात डावीकडे सरकलास. तिथेच थांबलास. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाता आलं असतं, कोणी अडवलं नव्हतं. पण बाबांची जागा तूही सोडेनास आणि तोही सोडेना. हट्टात दोघंही एकाच माळेचे मणी.

मग खाण बंद झाली, तरी त्या बाजूला खाणीकडची बाजूच म्हणत राहिले. टीम खालच्या गटात घसरली, चांगली पोरं मोठ्या क्लबांनी उचलून नेली, एका वादळात स्टँडचं छप्पर उडालं. प्रेक्षक एवढे उरले की रेफरीला कोण शिव्या घालतंय ते त्याला नावानिशी कळायचं. तुम्ही दोघं मात्र पाऊस म्हणू नका, गारा म्हणू नका, हजर. आणि मधली दोन हात जागा रिकामी. नवखा कोणी तिथे घुसला तर मागून कोणीतरी त्याची बाही ओढायचं, 'तिथे नको रे बाबा, पलीकडे हो.' हळूहळू बाकीचे निवळले. काही वर गेले, काही 'काय हेडली, गारठा आहे आज' एवढं बोलायला लागले. तू मात्र एक अक्षर नाही.

एकदा, एकदाच, तुझा तोल गेला होता. त्या कपच्या सामन्यात, आपण कधी जिंकू असं देवालाही वाटलं नसेल अशा बड्या टीमसमोर, अगदी शेवटी आपल्या पोराने कोपऱ्यात चेंडू टेकवला आणि ट्रायचे गुण मिळाले. तू ती दोन हात जागा ओलांडलीस आणि हेडलीला मिठी मारलीस. मग कोणाला मिठी मारलीय ते तुला उमगलं आणि हात गरम तव्याला लागल्यासारखे मागे घेतलेस. हे मला हेडलीने सांगितलं. सामना जिंकला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचेपर्यंत मला माहीतच नव्हतं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, 'व्हर्नन अजून तीच तंबाखू ओढतो गं.' तो कोट त्याने महिनाभर मला धुवू दिला नाही. वास येतोय म्हटलं तर म्हणे येऊ दे.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी मी हात दोनदा धुवून बसले आहे, का ते मलाही कळत नाही.

शेवटची दोन वर्षं हेडलीला दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध काळा डाग, आणि कडेकडेने थोडा उजेड. माझ्यापासूनसुद्धा त्याने लपवलं. घर पाठ, रस्ता पाठ, मैदानाच्या पायऱ्या पाठ. घरी येऊन मला सगळा सामना सांगायचा, अगदी कोण कुठे घसरला ते. मग एकदा त्याने साखरेऐवजी चहात सोडा ओतला नि मी त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, याला समोरचं माणूसही दिसत नाही. परत येताना बसमध्ये मी त्याला विचारलं, 'मग इतके दिवस मला कसला सामना सांगत होतास?' तो म्हणाला, 'व्हर्नन आहे ना.'

म्हणाला, तू म्हातारपणी फार बडबडायला लागला आहेस. पूर्वी नुसता रेफरीच्या सात पिढ्या उद्धरायचास. आता रेडिओ लावल्यासारखा बोलतोस. 'आठ नंबरने घेतला, मधोमध घुसला, दोघांनी पाडला. उठला. पास डावीकडे. अरे, सोडला, सोडला मेल्याने!' हेडली हसत होता. 'डोकं फिरलंय तुझ्या भावाचं, हवेशी बोलतो.' मग हसायचा थांबला. बस आपल्या गल्लीशी येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मी एकटीच बघत होते म्हण.

यंदाच्या शेवटच्या सामन्याला तुझा घसा बसला होता म्हणे. तरी तू कोकलत होतास. आणि सामना संपल्यावर, फलकावर आकडे समोर दिसत असताना, तू समोर बघत मोठ्याने म्हणालास, 'अठरा-चोवीस. हरलो.' आणि जरा थांबून पुन्हा, 'अठरा-चोवीस.' जे सगळ्यांना दिसतंय ते माणूस दोनदा कशाला सांगेल, व्हर्नन?

मी त्याच संध्याकाळी तुझ्याकडे यायला निघाले होते. अंगात कोट चढवला होता. हेडलीने दाराशी माझा हात धरला. म्हणाला, 'विचारू नकोस. विचारलंस तर तो बोलायचा थांबेल.' एवढं एकच मागणं त्याने कधी माझ्याकडे केलं असेल. मी कोट काढून ठेवला. त्याला पुढच्या मोसमाची वाट बघायची होती, दुसरं काही नाही. मोसम सुरू व्हायच्या आतच छाती भरली. आजारपणात तू येशील असं मला वाटलं होतं. तू आला नाहीस. त्याने मात्र एकदाही दाराकडे कान लावला नाही. मी लावला.

आता तुझं बोलणं थांबायची भीती उरली नाही, म्हणून विचारते आहे. ते त्याच्यासाठी होतं का? नसेल तर हे पत्र चुलीत घाल, आणि मी समजेन की म्हाताऱ्याला बडबडीचं खूळ लागलं होतं. असेल तर ऐक. मैदानाच्या फाटकापासून चॅपलपर्यंत त्याला खांद्यावरून न्यायचं आहे, आपल्या टीमच्या माणसाला नेतात तसं. सहा माणसं लागतात. दोन भाड्याची आहेत, दोन त्याचे चुलतभाऊ हल शहरातून येतायत, पाचवा शेजारचा पोलिश मुलगा, ज्याला संप कशाशी खातात हे ठाऊक नाही. गावातलं कोणी नाही. 'गारठा आहे' म्हणणं वेगळं आणि खांदा देणं वेगळं. सहावी जागा डावीकडची आहे, मागची. गुरुवारी अकराला फाटकाशी ये. माझ्याशी बोलू नकोस, मला सवय आहे. पण चॅपलच्या चढावर त्याच्याशी बोल. कुठे वळलो, दारात कोण उभं आहे, कोणी टोपी काढली ते सांगत चल. आणि कोणी काढली नाही तर तेही सांग. त्याला खोटा स्कोअर कधी चालला नाही.

तुझीच,
ग्लेनिस