नेहाचा अर्ज आणि आबांचा ईसीजी

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे.

माझी भाची नेहा किर्गिझस्तानात डॉक्टर झाली, परत येऊन इथली परीक्षा पास झाली, इंटर्नशिप केली, नोंदणीही झाली. इंदापुरातल्या या ट्रस्टच्या दवाखान्यात दिवाळीपासून डॉक्टर नाही. तरी तिथल्या क्लार्कने तिचा अर्ज उघडलासुद्धा नाही. "बाहेरचं शिक्षण हाय, ताई. असले अर्ज घिऊ नका म्हणून वरनं सांगितलंय." वरनं म्हणजे कुणी? "वरनंच."

आम्ही वळलो, तर यानेच ड्रॉवरमधून कागद काढला. वडिलांचा ईसीजी. "डॉक्टर मॅडम, आमच्या आबांचं जरा बघता का? सकाळी हितंच काढलाय, पण वाचायला कुणी न्हाय."

आणि या मुलीने तो उभ्या उभ्या वाचला. म्हणाली, आबांना आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या. त्याने लगेच फोन करून गाडी मागवली. ईसीजीपुरती ती डॉक्टर. अर्जापुरती नाही.

मी म्हटलं, "आबांना न्यायचं का, ते वर विचारलंत?" नेहा माझ्यावर रागावली. म्हातारा माणूस मरणाच्या दारात असताना बोलायला नको होतं का? असेलही. पण अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, ती माझ्या सभ्यपणासाठी थांबणार नाही.

उद्या पत्र हातोहात देऊन पोच घेणार. कोणत्या नियमाने आणि कुणी नाकारलं, याचं लेखी उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. उत्तराखाली सही, वाचता येईल अशी.