वर्ग पाहण्याचा कार्यक्रम

३ नोव्हेंबर, सोमवार
नवा हुकूम! शिक्षकांनी एकमेकांच्या शाळेत जाऊन वर्ग पाहायचे, एकमेकांकडून शिकायचं. सौंसरच्या बैठकीत आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या जनशिक्षक देवीदासजींनी जोड्या लावून दिल्या. माझी जोडी शेजारच्या गावच्या हिमानीबाईंशी. त्यांचं नोकरीतलं दुसरंच वर्ष. दोघांकडेही पाचवी, दोघांचीही पोरं भागाकारात अडकलेली, आणि पाचवीला बोर्डाची परीक्षा. देवीदासजी म्हणाले, "तुमी तं अनुभवी, गुरुजी. मॅडमले सांभाळून घ्या." घेतो. माझ्या वर्गातली अर्धी पोरं यंदाही भागाकारात आपटणार, हे बाईंना कळू नये एवढीच इच्छा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हिमानीबाईंचा वर्ग पाहिला. पाहिला कसला — मुलगी पाहायला गेल्यासारखं झालं. दारात रांगोळी. हुशार पोरं पुढच्या रांगेत, तेल लावून. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. मग पोहे, संत्री, चहा. निघताना माझ्या तोंडून गेलं, "छान. कळवतो." थोरलीच्या वेळी हेच वाक्य ऐकून ऐकून पाठ झालंय.

१० नोव्हेंबर, सोमवार
गुरुवारी बाई आमच्याकडे. तालीम सुरू. चार उदाहरणं पाठ करून घेतली. रूपाली म्हणते, "गुरुजी, मॅडमनं पाचवं विचारलं तं?" पोरगी फार विचार करते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
घात! बाई आजच आल्या. उद्या त्यांच्या शाळेत लसीकरण. इथे मी खुर्चीत, आशिष फळ्यापाशी — सत्तावन्न भागिले पाच, उत्तर दहा, बाकी सात. मला घाम. बाई मात्र मागे बसून हसल्या, जीव भांड्यात पडल्यासारख्या. "माझेही असंच करून राहिले, सर. त्या दिवशी लपवलं होतं."

मग दोघंही पोरांत जाऊन बसलो. ती चुकत होती, आम्ही विचारत होतो. तास कसा गेला कळलं नाही. पोहे सांगायचे राहूनच गेले.

जाताना बाईंनी विचारलं, "चौथीत यांना भागाकार कोण शिकवते?"
"गुणवंता सर. या भिंतीपलीकडे."
"मग ते कसा शिकवते?"
मी संत्रं सोलायला घेतलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
हुकूम पुन्हा वाचला. 'दुसऱ्या शाळेतील वर्ग' असं स्पष्ट लिहिलंय. भिंतीपलीकडचं काही नाही. वाचलो.

गुणवंता सरांशी माझं भांडण नाही. डबा एकत्र, पेपर एकत्र, साहेबांची टिंगल एकत्र. फक्त त्यांच्या वर्गात मी जात नाही, माझ्या वर्गात ते येत नाहीत. न्हाणीघरासारखं आहे ते — आत कोणी असलं की आपण बाहेरूनच वळायचं. आठ किलोमीटर गाडी हाकून परक्या शाळेत जाऊन आलो, इथे आठ पावलं जड.

आशिषची ती बाकी सात काही डोक्यातून जात नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
गेलो. मला दारात पाहून गुणवंता सरांचा खडू फळ्यावरच थांबला.
"काय झालं? कोणी गेलं काय?"
"नाही. भागाकार पाहाले आलो."
त्यांनी खुर्ची पुसून माझ्याकडे सरकवली. "बरं झालं आले. मी कवाचा तुमाले विचारीन म्हणून राहिलो. माह्याकडून तं पोरं भागाकार शिकून जाते. तुमच्याकडे येऊन विसरते कशी?"