चेंडू गेला तिकडे बघू नकोस

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या जुन्या काठ्यांचं पार्सल पोचलं. टपालवाल्याने ते जिन्यावरून ओढत आणलं आणि आत बंदुका आहेत का म्हणून विचारलं. फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाचं भरतोस. त्यापेक्षा पत्र बरं.

हे गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं, म्हणून तुझं एकदाचं ऐकलं आणि शनिवारी डेपोमागच्या सार्वजनिक मैदानावर गेले. सोबत शेजारची शिंपीणबाई होती. तिला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, फुकट हसायला मिळेल म्हणून आली आणि पोटभर हसून गेली. पहिल्या फटक्याला मी ताटलीएवढं गवत उपटलं, चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्याला नुसती हवा मारली. तिसऱ्याला टक्क आवाज झाला, मी वर बघितलं तर चेंडू गायब. शिंपीणबाई म्हणाली की तो बघ की कसा चाललाय, पण मला काही तो सापडेना. नंतरही तेच. मारलेला चेंडू कुठे जातो तेच मला कळत नाही.

एवढं मोठं बसचं धूड मी इतकी वर्षं शाळेच्या चिंचोळ्या गल्लीतून वळवते आणि लिंबाएवढा चेंडू मला दाद देत नाही, म्हणजे काय? तुझा जन्म लोकांना हा खेळ शिकवण्यात गेला. सख्ख्या बहिणीला सोपं असं काहीतरी लिहून पाठव. व्याख्यान नको.

वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांग. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तरी तक्रार नाही.

तुझी,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र ऐकून वहिनीने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. गुडघे तसेच आहेत, पण हसताना दुखत नाहीत असं तिने कळवायला सांगितलंय.

आता ऐक. काठी गळा दाबल्यासारखी धरू नकोस. लोकांचं लहान मूल रस्ता ओलांडताना आपण त्याचा हात धरतो, सुटणार नाही पण दुखणारही नाही, तशी धर. पाय खांद्याएवढे फाकव. जोर लावू नकोस. जोर लावणारे सगळे माझ्याकडे पाठदुखी घेऊन परत येतात.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे मान. तू चेंडू मारण्याआधीच तो कुठे जाणार ते बघायला मान वर करतेस, हे मी इथे बसून सांगतो, कारण लहानपणी पातेल्यावरचं झाकणसुद्धा तू शिजायच्या आधी दहादा उघडायचीस. मान वर गेली की खांदा वर जातो आणि चेंडू भलतीकडेच उडतो. तेव्हा चेंडू गेला तिकडे बघूच नकोस. तो होता त्या जागेवरचं गवत बघत राहा. कुठे पडला ते शिंपीणबाई सांगेल. होलजवळ आलीस की तिथेही मान खाली, चेंडू आत पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा. माझे निम्मे विद्यार्थी एवढ्या एका गोष्टीवर सुधारलेत.

महिनाभर हे कर आणि कळव. आळस न करता लिहीत जा, आमचा जीव तुझ्यापाशी असतो.

तुझा,
दादा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं. मी मान खाली ठेवते, चेंडू टक्क करून जातो आणि शिंपीणबाई ओरडून सांगते की सरळ, लांब, त्या वाकड्या झाडाच्या अलीकडे. मग आम्ही रमतगमत तिथे जातो. मला महाराणी म्हणते ती, कारण माझा चेंडू कुठे पडला हे मी बघत नाही, ते बघायला मी माणूस ठेवलंय. मैदानावरच्या म्हाताऱ्यांनी मला एप्रिलमधल्या सामन्यात घेतलंय. त्यातला एक निवृत्त न्यायाधीश आहे, तो माझ्याकडून हरला आणि काठी झाडाला टेकवून गुपचूप घरी गेला.

बाकी ठीक. बसचा डाव्या बाजूचा आरसा शाळेच्या फाटकाला लागून फुटला. फाटक नवीन बसवताना मेल्यांनी आत सरकवलंय, दुसरं काय. परवा एक सायकलवाला एकदम जमिनीतून उगवल्यासारखा समोर आला आणि वर मलाच शिव्या देऊन गेला. हल्ली लोकांना रस्त्यावर चालायची रीतच उरली नाही. घरातही तेच चाललंय. उघड्या राहिलेल्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटलं आणि चहाचा कप टेबलावर ठेवते म्हणून टेबलाशेजारी ठेवला. शिंपीणबाई म्हणते, महाराणीला आता प्रधानही लागेल.

म्हातारी झाले म्हणू नकोस हं. डोळे ठणठणीत आहेत. तिच्या बारीक सुयांमध्ये दोरा मीच ओवून देते, तोही चष्म्याशिवाय.

सामन्यासाठी अजून काही युक्ती असेल तर कळव. वहिनीला नमस्कार. मला विसरण्याची तुम्हा दोघांना परवानगी नाही.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी नेहमीसारखं वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. सायकलवाल्यापर्यंत आम्ही दोघं हसत होतो. कपाच्या जागी ती हसायची थांबली आणि तिने मला आपल्या अण्णांची आठवण करून दिली.

शेवटच्या वर्षांत अण्णा दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचे, आणि आपण दोघं त्यांना धांदरट म्हणून चिडवायचो. वर्तमानपत्र मात्र ते शेवटपर्यंत वाचत होते. डॉक्टरांनी मग काचबिंदू सांगितला. त्यात बाजूची नजर आधी जाते आणि मधली शाबूत राहते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. हे घराण्यात उतरतं म्हणून मी दरवर्षी तपासून घेतो. तुलाही सांगितलं होतं, तू हो म्हणाली होतीस.

पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की चेंडू कुठे जातो ते कळत नाही. मी तीस वर्षं शिकवतोय. चेंडू न दिसणारा माणूस आणि मान लवकर उचलणारा माणूस यातला फरक मला ओळखता यायला हवा होता. मी तुला बघूच नकोस म्हणून सांगितलं आणि तू बघायचं सोडलंस. हे मला झोपू देत नाही.

उद्याच एक कर. मैदानावर सरळ समोर होलच्या झेंड्याकडे बघत उभी राहा. शिंपीणबाईला मागून तुझ्या कानाच्या बाजूने हात हळूहळू पुढे आणू दे. कधी दिसतो ते मला खरं लिही. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत बसला हात लावू नकोस. त्या बसमध्ये मुलं असतात, भिंगरी.

उलट टपाली उत्तर दे. वाट बघतोय.

दादा

१५ मार्च

ती. दादास,
सा. न.

हाताची परीक्षा दिली. हात दिसला. थोडा उशिरा दिसला, पण शिंपीणबाईचा हातही काही सरळ येत नव्हता. ती नंतर लगेच घरी गेली, ते तिचं डोकं दुखत होतं म्हणून.

डॉक्टरकडे जाईन. सामना होऊन जाऊ दे, शाळेला सुट्टी लागू दे, मग निवांत जाईन. आजवर माझ्या बसमधल्या एका मुलाला साधं खरचटलेलं नाही, हे तुलाही माहीत आहे. मी आता मान वळवून वळवून बघते. दोनदा बघते.

आणि खरं सांगू? जाऊन काय ऐकायचंय ते मला माहीत आहे. त्यांनी बस काढून घेतली तर सकाळी मी कशासाठी उठायचं ते मला कोणी सांगत नाही. हे गेले तेव्हा दहाव्या दिवशी मी बसवर चढले होते. मागे मुलं कोकलत होती, एकमेकांचे डबे पळवत होती, आणि मला वाटलं, चला, जगता येईल. तू हे काढून घ्यायला सांगतोस, तेही एका पत्रात, गुडघ्यांच्या आणि हवापाण्याच्या बातमीसारखं.

जानेवारीत म्हणालास बघू नकोस, मार्चमध्ये म्हणतोस बघ. एक काय ते ठरव. डेपोत यातलं काही कळवू नकोस, तुला माझी शपथ आहे.

भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी शपथ मी मोडली. तुझ्या डेपोच्या व्यवस्थापकांना आज पत्राने सगळं कळवलं आहे, हे पत्र आणि ते एकाच पेटीत पडतील. व्यवस्थापकांना मी फोनही केला. निम्मं ऐकू आलं नाही, पण सोमवारपासून तुला बस देणार नाहीत एवढं स्पष्ट ऐकू आलं.

मी यायला निघालो होतो. वहिनी म्हणाली की मी समोर आलो तर तू मला बोलण्यात गुंडाळशील आणि मी तुला एप्रिलपर्यंत मुदत देऊन परत येईन. तिचं बरोबर आहे. तुला नाही म्हणायला मला कधी जमलं नाही.

सकाळी कशासाठी उठायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

रागाव, पण डॉक्टरकडे जा. बोलणं बंद केलंस तरी माझी पत्रं येत राहतील.

दादा

११ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चार पत्रं आली. दोन मी फोडली नाहीत. शिंपीणबाईने फोडून वाचून दाखवली, मी नको म्हणत असताना.

डॉक्टरांकडे एका यंत्रात डोकं घालून बसवतात. कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बसले आणि यंत्र सुरू का करत नाहीत म्हणून विचारलं. ते कधीच सुरू झालं होतं. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यात मध्ये खिडकीएवढं उरलंय. थेंब दिलेत, ते जन्मभर घालायचे, म्हणजे उरलंय ते राहील असं म्हणतात. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले.

सामना खेळले. पहिल्या फटक्यापासून मान वर करून बघत होते, तुझी सगळी शिकवण मोडून. एकही चेंडू दिसला नाही आणि एकही सरळ गेला नाही. तो न्यायाधीश जिंकला. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

डेपोतून निरोप म्हणून मला एक दिवस माझ्याच बसमध्ये बसवून नेलं. नवीन ड्रायव्हर तरुण आहे, हात चांगला आहे. मी दाराजवळच्या बाकावर, खिडकीशी बसले, जिथे मी आजवर कधी बसले नव्हते. पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर त्याने बस पार आधीच थांबवली. मला वाटलं, नवखा आहे, अंदाज चुकला. मान पूर्ण वळवून बघितलं, तर एक लहान मुलगी, पिवळं दप्तर, पुढच्या चाकाला जवळजवळ टेकून उभी होती आणि वर काचेकडे बघत हात हलवत होती. त्याने तिला हात केला. ती खूश होऊन मागे सरकली आणि दारातून चढली.

मदतनीस बाईला विचारलं, ही कोण, नवीन आहे का. ती म्हणाली, नवीन कुठली, शाळा उघडल्यापासून रोज इथूनच चढते, ड्रायव्हरला हात केल्याशिवाय मागे म्हणून सरत नाही. बाईला वाटायचं की मला ती दिसते, म्हणूनच मी जपून निघते. दादा, मी जपून निघत नव्हते. मी घड्याळ बघून निघत होते. त्या मुलीला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती माझ्या शेजारीच येऊन बसली. तिने विचारलं, तुमचा माझ्यावरचा राग गेला का. मी म्हटलं, कसला राग. तर म्हणाली, मी रोज हात करायचे, तुम्ही कधीच केला नाही.

तुझ्यावरचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही, तो जाईल तसा जाईल. पण पत्रं पाठवत राहा, अक्षर जरा मोठं काढ.

तुझी,
भिंगरी