शेवंतीचं फूल

कासार आंबोली

तीर्थरूप आईस, मेधाचा नमस्कार.

केमोनंतरची मळमळ आता कमी आहे, जेवण जातंय. कौस्तुभ ऑफिस सांभाळून सगळं बघतो. तू काळजी करू नकोस.

सकाळी बागेत उन्हात बसते. दिवाळी उलटली तसा झेंडू वाळला, शेवंती मात्र भरात आहे.

काल घरमालकीण धोंडाबाईंनी एक फूल खुडून दिलं. माझा हात सवयीनं अंबाड्याकडे गेला आणि टोपीवरच थांबला. त्या म्हणाल्या, "केसं न्हाईत म्हून काय झालं? कान हायेत की!" त्यांनीच ते कानामागं खोचलं. या आजारपणात पहिल्यांदाच रडले, पण बरं वाटलं.

बाबांचा खोकला कसा आहे?

पुढची केमो सोमवारी आहे. त्या दिवशी फोनवर नुसती बोलत राहा. मला काही विचारू नकोस.

तुझीच,
मेधा